गाजर गवत, ट्यूब आणि बोटाचं पेर

खाज पहिल्यांदा आली ती पापण्यांना. तीन पावसाळे झाले त्याला. सासवडजवळच्या आमच्या रानात सीताफळाच्या बांधावरचं गाजर गवत मी नुसत्या हाताने उपटत होतो. आठवडाभरात पापण्या सुजल्या, मान आणि कोपराच्या घड्या लालबुंद झाल्या. झोपेत इतकं खाजवायचो की सकाळी उशीवर रक्ताचे डाग दिसायचे. मला वाटलं, ऊन बाधलं.

मेडिकलमधून खाजेच्या मलमाची ट्यूब आणली. आत स्टेरॉइड होतं, म्हणजे सूज आणि खाज दाबणारं औषध. २०१८ साली सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, पण माझ्याकडे ती कोणी मागितली नाही आणि मलाही हे ठाऊक नव्हतं. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ झाला. तिथेच मी फसलो. लावणं थांबवलं की चार दिवसांत आग परत यायची, मग पुन्हा ट्यूब. असे पाच महिने गेले. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, बारीक लाल शिरा दिसू लागल्या. उन्हात उभं राहवेना.

शेवटी बायकोने पुण्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. मॅडमनी ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. त्यात क्लोबेटासॉल होतं, म्हणजे सगळ्यात जोरकस गटातलं स्टेरॉइड. त्या म्हणाल्या, "काका, औषध वाईट नाही. हे तळपायाच्या जाड कातडीला झेपतं, तुम्ही लावलंत पापणीला." पापणी, चेहरा, काख, जांघ इथली कातडी पातळ असते, औषध पटकन आत मुरतं. पापणीवर महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचाही धोका असतो, म्हणून त्यांनी आधी डोळ्यांचा दाब तपासून आणायला लावला. तो ठीक निघाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग पॅच टेस्ट झाली, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते कातडीवर बघायची तपासणी. सोमवारी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. तोवर पाठीला पाणी लावायचं नव्हतं. गाजर गवताच्या पट्टीच्या जागी लाल, पुरळ आलेला ठिपका उठला होता. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने उडून चेहऱ्यावर बसतो. त्यामुळे हात न लावताही त्रास होतो.

चेहऱ्याचं स्टेरॉइड बंद झालं. ते दीड-दोन महिने फार कठीण गेले. तोंड सुजलं, सोलवटलं, आणि रोज वाटायचं की ती जुनी ट्यूब घ्यावी. मॅडमनी हे होणार असं आधीच सांगितलं होतं, म्हणून टिकलो. चेहऱ्याला स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमसचं मलम दिलं. पहिले काही दिवस तेही झोंबलं.

मान आणि कोपरांना मात्र त्यांनी स्टेरॉइडच लिहून दिलं, मध्यम ताकदीचं. मी घाबरलो. तेव्हा त्यांनी माझी तर्जनी धरून माप दाखवलं. ट्यूबमधून टोकाच्या पेराएवढी रेघ काढायची, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा भागते. दिवसातून एकदा, फक्त लाल खाजऱ्या जागी, दहा दिवस. मग एक दिवसाआड, मग बंद. भीतीने निम्मंच लावलं तर आग विझत नाही आणि औषध उगाच लांबतं, हेही त्यांनी बजावलं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन, आणि त्यात व स्टेरॉइडमध्ये अर्ध्या तासाचं अंतर. खाज गेल्यावरही व्हॅसलिन मी सोडलेलं नाही.

रानात आता पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला उपरणं. घरी आल्याबरोबर अंघोळ, कपडे वेगळे. बांधावरचं गवत फुलायच्या आत गडी काढतो, त्यालाही हातमोजे दिलेत.

मध्यंतरी चुलतभाऊ मांडीच्या खाजेसाठी माझी ट्यूब मागायला आला. दिली नाही, गाडीवर बसवून दवाखान्यात नेला. त्याचं गजकर्ण निघालं. त्यावर स्टेरॉइड लावलं असतं तर खाज दबली असती आणि बुरशी पसरत गेली असती. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

ट्यूब फोडल्याची तारीख मी तिच्यावर पेनाने लिहितो. सध्याची जूनमध्ये फोडली, दिवाळी आली तरी अर्धी शिल्लक आहे.