कन्सल्टिंग सोडून जाहिरात शिकवायला लागले, माझा अनुभव

स्ट्रॅटेजी कन्सल्टिंगमधून शिकवण्याकडे कसं वळायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. बहुतेकांचा प्लॅन असा असतो की आधी दोन-चार गेस्ट लेक्चर द्यायची, मग बघू. गेस्ट लेक्चर जरूर द्या, पण तासाभरात किस्से सांगून टाळ्या मिळतात, अख्ख्या सेमिस्टरला किस्से पुरत नाहीत. आणि माझ्याकडे तर सांगण्यासारखे किस्सेच नव्हते! म्हणजे होते भरपूर, पण सगळे गोपनीयतेच्या करारात बंद. क्लायंटचे आकडे, मीडिया बजेट, रिसर्च, काहीच वर्गात नेता येत नाही, आणि नाव बदलून सांगावं तर धंद्यातल्या माणसाला दोन वाक्यांत कळतं कोणाबद्दल चाललंय. तुम्हाला घेतात अनुभवासाठी आणि वापरता येत नाही तो अनुभवच, अशी सगळी गंमत.

मग जे आधीच जगजाहीर आहे ते खोलात जाऊन वाचायला लागले. फोक्सवॅगन गाडीची १९५९ ची 'थिंक स्मॉल' ही जाहिरात घ्या. ती सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती बनवणाऱ्या एजन्सीत, म्हणजे डॉयल डेन बर्नबाखमध्ये, कॉपीरायटर (मजकूर लिहिणारा) आणि आर्ट डायरेक्टर (चित्र आणि मांडणी ठरवणारा) यांना एकत्र बसवून काम करायची पद्धत होती, हा भाग मला त्या जाहिरातीपेक्षा जास्त शिकवण्यासारखा वाटतो. कामाची रचना बदलली की कामही वेगळं निघतं, हे कन्सल्टंटला लगेच पटतं.

पीएचडीचं पण सांगते, कारण तो प्रश्न येणारच. कायमस्वरूपी पदासाठी बहुतेक ठिकाणी ती लागते, नसेल तर इंडस्ट्रीतून आलेल्यांसाठी वेगळी पदं असतात, तिथे करार ठरावीक मुदतीचा, शिकवण्याचे तास जास्त आणि रिसर्चची अपेक्षा कमी. पगार खाली येतो, तो येतोच, त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही.

खरा त्रास झाला तो सवयीचा. कन्सल्टिंगमध्ये उत्तर आधी सांगायचं आणि खाली कारणं मांडायची हे अंगात भिनलेलं असतं. वर्गात तसं केलं की चर्चा तिथेच संपते, मुलं उत्तर लिहून घेतात आणि मोबाइल काढतात. त्यात जाहिरातीच्या बाबतीत शेवटचं उत्तर कुणाकडेच नाही. अभ्यासकांचंच बघा, १९६१ मध्ये लॅविज आणि स्टाइनर म्हणाले की ग्राहक माहितीपासून आवडीपर्यंत आणि तिथून खरेदीपर्यंत पायरी पायरीने जातो, १९६५ मध्ये क्रगमन म्हणाला टीव्हीवरची जाहिरात माणसाने फारसं लक्ष दिलं नाही तरी आत झिरपते, आणि १९७४ मध्ये एरनबर्गने मांडलं की जाहिरात नवीन माणसाला पटवते कमी, वापरणाऱ्याची सवय टिकवते जास्त. 'मॅडम, मग बरोबर कोण?' हा प्रश्न आला की माझ्यातली कन्सल्टंट लगेच फळ्याकडे धावायची. आता मी एकच जाहिरात देते आणि मुलांना तिन्ही मतांच्या बाजूने भांडायला लावते. वेळ जातो, सिलॅबस मागे पडतो, पण पडू दे.

माझ्या दोन्ही कामांना जोडणारा दुवा अकाउंट प्लॅनिंगमध्ये सापडला. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन किंग (कादंबरीकार नव्हे, जाहिरातवाले) आणि स्टॅनली पॉलिट यांनी आपापल्या एजन्सीत हे काम वेगळं उभं केलं, म्हणजे ग्राहकाचा रिसर्च क्रिएटिव्ह टीमच्या टेबलावर आणणारा माणूस. स्ट्रॅटेजीचं जाडजूड डेक, म्हणजे स्लाइडचा गठ्ठा, एका पानाच्या ब्रीफमध्ये, म्हणजे जाहिरात बनवणाऱ्यांना द्यायच्या टिपणात आणायचं असतं, आणि मी सांगते, ते एक पान अवघड आहे.

जाहिरातीवरचं पाठ्यपुस्तक लिहायचंही त्यातूनच सुरू झालं. प्रकाशकाला आधी प्रपोजल जातं, त्यात प्रकरणांची यादी, एक-दोन नमुना प्रकरणं, बाजारातली तशीच पुस्तकं आणि आपलं कोणत्या कोर्सला चालेल हे सगळं, मग तोच विषय शिकवणारे बाहेरचे लोक ते वाचून शेरे मारतात. शेरे एकमेकांच्या अगदी उलट येतात, दोन्ही पाळायला जाऊ नका. लिहिताना जाणवलं की स्लाइडवर दोन चौकोनांमध्ये बाण काढला की भागतं, पण परिच्छेदात त्या बाणाचा अर्थ काय ते लिहावं लागतं, आणि लिहायला बसलं की कळतं आपल्याकडे कारण नव्हतंच, नुसता बाण होता. माझी जुनी आवडती फ्रेमवर्क अशीच गळली.

आणि परवानग्या! जुनी जाहिरात पुस्तकात छापायची तर हक्क कंपनीचा, एजन्सीचा की फोटोग्राफरचा हे शोधण्यातच जीव जातो, एजन्सी विकली गेलेली असते, फाइल सापडत नाही, मॉडेलचा करार वेगळाच. म्हणून प्रकरण लिहायला घेतलं त्याच दिवशी पत्रं टाका, आणि चित्राशिवायही समजेल असं लिहा, म्हणजे नकार आला तरी प्रकरण अडकत नाही.