एकशे ऐंशी पाट्यांचा दर

पाट्या, नामफलक आणि दुकानांचे बोर्ड करण्याचा व्यवसाय सांगलीत नव्याने सुरू केलेली मुले माझ्याकडे येतात, तेव्हा मशीन कोणते घ्यावे हा प्रश्न त्यांनी आधीच, बहुधा कर्ज काढून, सोडवलेला असतो. त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा असतो: "काका, एका पाटीचा दर सांगता येतो, पण कोणी दोनशे मागितल्या तर काय सांगायचे? किती टक्के सोडायचे?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. माझ्याकडे टक्केवारी नाही. पूर्वी होती, आणि तिने माझे नुकसान केले, ते कसे हे सांगितल्याशिवाय बाकीचे समजणार नाही.

दुकान सुरू करून मला सहा महिने झाले होते. विश्रामबागेतल्या एका मोठ्या गृहनिर्माण संस्थेला दारांवर लावण्यासाठी १८० पाट्या हव्या होत्या: काळे ॲक्रिलिक, त्यावर लेझरने कोरलेले कुटुंबाचे नाव आणि फ्लॅटचा क्रमांक, कोरलेल्या जागेत पांढरा रंग, आकार १० बाय ४ इंच. सुटी पाटी मी तेव्हा बसवून ३५० रुपयांना देत असे. "एवढे मोठे काम देतोय, तीस टक्के तरी सोडा," असे सचिव म्हणाले आणि मी, हातचे काम जाईल या भीतीने, चहा संपायच्या आत सोडलेही. २४५ रुपये ठरले. १८० गुणिले २४५ म्हणजे ४४,१०० रुपये हा आकडा मला त्या वेळी इतका मोठा वाटला होता, की त्यातून जाणार किती हे पाहण्याचे सुचलेच नाही.

पहिली चूक शीटची. ॲक्रिलिकची पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ४,६०८ चौरस इंचांची असते, आणि १० बाय ४ ची पाटी ४० चौरस इंचांची. भागाकार केला तर ११५ पाट्या येतात आणि दोन शीटमध्ये १८० पाट्या निवांत बसतात, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात शीटचे सरळ चार तुकडे करून, ४ बाय २ फुटांचा एकेक तुकडा मशीनवर घ्यावा लागतो. दोन पाट्यांमध्ये दोन-अडीच मिलिमीटर जागा सोडावीच लागते, आणि मग ४८ इंचांत चार इंचांच्या १२ ओळी न बसता ११ बसतात, २४ इंचांत दहा इंचांच्या दोनच बसतात आणि जवळजवळ चार इंचांची एक पट्टी वाया जाते. तुकड्याला २२, शीटला ८८, दोन शीटला १७६. चार पाट्या कमी पडल्या, आणि त्या चारांसाठी तिसरी शीट आणावी लागली. हिशेबाच्या सोयीसाठी शीटचे ३,६०० रुपये धरले, तर पाटीमागे ४० ऐवजी ६० रुपये माल लागला.

हीच पाटी सव्वानऊ बाय पावणेचार इंचांची केली असती, तर पाट्या दुसऱ्या दिशेने मांडून, पाचच्या सहा ओळींत, एका तुकड्यात ३० आणि शीटमध्ये १२० बसल्या असत्या, आणि दारावर लागल्यावर तो पाऊण इंच कोणाच्या नजरेतही भरला नसता. म्हणून आता आकार ठरवण्याआधी मी शीट मांडून पाहतो आणि गिऱ्हाइकाला दोन आकारांचे दोन दर सांगतो. मोठ्या कामात आकार बदलून जेवढे वाचते, तेवढे घासाघीस करून कोणाचेच वाचत नाही.

दुसरी चूक मशीनच्या तासाची होती. जागेचे भाडे, वीज, कर्जाचा हप्ता, लेझरची नळी बदलण्यासाठी बाजूला काढायचे पैसे आणि माझा स्वतःचा पगार मिळून महिन्याचा खर्च ३६,००० रुपये धरू. (२०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी बाजारपेठेत आली, तेव्हापासून मी उंचावरच्या जागेचे जास्तीचे भाडे आनंदाने भरतो, आणि तेही या आकड्यात आहे.) रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस, असे २०८ तास मानून मी तासाला १७३ रुपये काढले होते. परंतु मशीन २०८ तास चालत नाही. गिऱ्हाईक समोर बसलेले असते, वीज गेलेली असते, आपण कोल्हापूरला माल आणायला गेलेलो असतो, कोणाच्या तरी बोर्डासाठी शिडीवर असतो. दोन महिने वही ठेवली तेव्हा लक्षात आले, की लेझर खरोखर चालू असते महिन्याला नव्वदेक तास. त्यामुळे तास १७३ चा नव्हे, ४०० रुपयांचा निघाला. एक पाटी कोरून कापायला सहा मिनिटे लागतात, म्हणजे १७ रुपयांच्या जागी ४० रुपये. आणि ही सहा मिनिटे पहिल्या पाटीला जेवढी, तेवढीच एकशे ऐंशीव्या पाटीलाही लागतात. संख्या वाढली म्हणून मशीन भराभर कोरत नाही.

तिसऱ्या चुकीबद्दल बोलताना मला अजून थोडी लाज वाटते, कारण ती सर्वांत सहज दिसणारी होती. त्या १८० पाट्या म्हणजे एक पाटी १८० वेळा नव्हती. प्रत्येकीवर नाव वेगळे, आणि नावांची यादी हाताने लिहिलेल्या अकरा पानांच्या फोटोंमध्ये आलेली. एक कुटुंब "कुलकर्णी" दीर्घ लिहिणारे आणि दुसरे, कागदपत्रांत तसेच आहे म्हणून, ऱ्हस्व लिहिणारे, कोणाला "श्री." हवे, कोणाला "ॲड.", कोणाला सासूबाईंचे नाव वर. काही नावे कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवली होती, ती माझ्या संगणकावर उघडल्यावर रोमन अक्षरांचा गाळ दिसला आणि सगळी पुन्हा टाइप केली. नावामागे अडीच-तीन मिनिटे, म्हणजे दहा रुपये, आणि हेही संख्येने कमी होत नाही. पाट्या लावल्यानंतर १४ घरांनी नावात बदल सांगितले. यादीवर कोणाची सही घेतलेली नव्हती, त्यामुळे चूक कोणाची हा प्रश्न विचारण्याची सोय माझ्याकडे राहिली नव्हती.

आता बेरीज पाहा. नमुना, मांडणी आणि दोन वेळा दाखवायला जाणे यांचे एकदाचे २,००० रुपये, म्हणजे पाटीमागे ११. नावाचे १०, शीटचे ६०, मशीनचे ४०, रंग भरणे, शीटवरचा संरक्षक कागद सोलणे आणि पुसणे यांचे ३५, आणि चार मजले चढून, बंद दारांसाठी पुन्हा पुन्हा जाऊन फिटिंग करण्याचे ८०. एकूण २३६. पाटीमागे उरले ९ रुपये, सगळ्या कामाचे १,६२०. चौदा पाट्या पुन्हा करायला, माल तिसऱ्या शीटमधलाच वापरूनही, नाव, मशीन, रंग आणि फिटिंग मिळून प्रत्येकी १६५ प्रमाणे २,३१० रुपये गेले. म्हणजे ४४ हजारांचे काम करून मी गाठचे ६९० रुपये घातले, आणि पैसे हातात आले ते पाच महिन्यांनी.

तेव्हापासून मोठे काम आले, की मी वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारतो. डावीकडे जे एकदाच करावे लागते ते, आणि उजवीकडे जे प्रत्येक नगाला करावे लागते ते. घाऊकीत कमी होतो तो मुख्यतः डावीकडचा भाग, आणि तोही कुठपर्यंत, हे पाहण्यासारखे आहे: २,००० रुपये २० पाट्यांवर वाटले तर पाटीमागे १०० पडतात, १८० वर ११ आणि ५०० वर ४. वीसवरून एकशे ऐंशीवर येताना तुम्ही ८९ रुपये खरोखर सोडू शकता; एकशे ऐंशीवरून पाचशेवर जाताना सोडायला सातच रुपये असतात. गिऱ्हाइकाला मात्र पाचशे हा आकडा फार मोठा वाटत असतो आणि तो त्या मानाने सूट मागतो. मी त्याला सूट कशातून येते ते सांगतो. सांगता येत नसेल, तर ती माझ्या पगारातून जाते आहे हे मला कळते.

याच्या उलट, सगळे नग एकसारखे असलेले काम आले तर उजव्या बाजूलाही काही वाचते. आपल्या भागात खते-औषधे विकणाऱ्या कंपन्या विक्रेत्यांच्या दुकानांवर बोर्ड लावून देतात. १० बाय ३ फुटांची लोखंडी फ्रेम, त्यावर फ्लेक्स, दुकानाचे नाव तेवढे वेगळे. एका फ्रेमला आडवे दोन पाइप आणि उभे चार लागतात. वीस फुटी म्हणून मिळणारा पाइप मोजला तर पुष्कळदा सहा मीटर, म्हणजे १९ फूट ८ इंच भरतो, म्हणून माझी दहा फुटी फ्रेम ९ फूट १० इंचांची असते आणि कोटेशनमध्ये मी तसे लिहितो. सुट्या फ्रेमला दोन पाइप लागतात आणि साडेसात-पावणेआठ फुटांचा तुकडा उरतो. तीस फ्रेम एकदम करायच्या असतील, तर आडव्यांना ३० पाइप आणि १२० उभ्यांना, एका पाइपात सहा बसत असल्याने, २० लागतात. साठऐवजी पन्नास. हे दहा पाइप खरे वाचले, आणि ते मी गिऱ्हाइकाला बिनदिक्कत देतो.

फ्लेक्समध्ये मात्र काहीच वाचत नाही. फ्रेमवर दुमडायला चारही बाजूंनी चार-चार इंच सोडावे लागतात. तीन फुटांची उंची ४४ इंच होते आणि चार फुटी रोल घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाला बिल ३० स्क्वेअर फुटांचे, रोलमधून गेलेले सुमारे ४३. नवीन माणूस छपाईवाल्याचा स्क्वेअर फुटाचा दर तिसाने गुणतो आणि तीस बोर्डांवर तीस वेळा फसतो. वाहतुकीचेही तसेच. "सगळी दुकाने सांगली जिल्ह्यातलीच आहेत," असे कंपनीचा माणूस सहज म्हणतो. पण जत आणि आटपाडी एका फेरीत होत नाहीत, आणि टेम्पोवाला जिल्ह्याच्या हद्दीवर नव्हे, किलोमीटरवर पैसे घेतो. मी बोर्डाचा दर आणि बसवण्याचा दर वेगळा लिहितो, आणि बसवण्याचा तालुक्याप्रमाणे.

अक्षरांच्या कामाबद्दल एक गोष्ट बाजूला जाऊन सांगतो. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसावे, ही तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्याकडेही चार-पाच शाखा असलेली दुकाने घाईने आली. कापीव अक्षरांचा दर या धंद्यात अक्षराच्या उंचीवर, इंचाप्रमाणे सांगतात. रोमन अक्षरे सुटी असतात, शीटवर एकमेकांच्या पोकळीत बसवता येतात. देवनागरीचा शब्द शिरोरेषेने जोडलेला एकच लांब तुकडा असतो, वर वेलांटी, खाली उकार, आणि मधली जागा वायाच जाते. शिवाय "श्री" हे एक अक्षर की दोन, यावर गिऱ्हाइकाशी वाद होतो. म्हणून देवनागरीचा दर मी पूर्ण शब्दाच्या लांबी-रुंदीवर काढतो, आणि इंग्रजीचा दर ऐकून आलेल्या माणसाला शीटवरची मांडणी दाखवतो.

पैसे मिळण्याचा काळ हाही दराचाच भाग आहे. पन्नास टक्के आगाऊ घेतल्याशिवाय मी शीट कापत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, निःशुल्क आहे, ती पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५. कायदा दाखवून कोणी पैसे देत नाही, विशेषतः ओळखीचे गिऱ्हाईक. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटलेले असे देणे प्रत्यक्ष फेडेपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की कंपनीचा हिशेबनीस मार्चच्या आधी स्वतः फोन करतो. दर जीएसटीसहित की जीएसटी वेगळा, तेही लिहावे. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या योजनेत असाल, तर बिलात कर लावता येत नाही आणि गिऱ्हाइकाला त्याचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, मिळत नाही, हे मोठ्या कंपनीला आधी सांगितलेले बरे.

आता माझ्या कोटेशनवर एकाऐवजी तीन संख्यांचे तीन दर असतात, आणि त्याखाली दोन ओळी: यादीवर सही झाल्यानंतर नाव बदलल्यास ती पाटी सुट्या दराने होईल, आणि नंतर लागणाऱ्या पाट्यांना त्या वेळच्या संख्येचा दर लागेल. दुसरी ओळ त्याच विश्रामबागेच्या संस्थेमुळे आली. दीड वर्षाने तिथे भाडेकरू बदलले, बारा पाट्या हव्या होत्या, आणि सचिवांनी २४५ रुपयांचे जुने बिल पुढे केले. मी वही उघडून त्यांना मधली रेघ दाखवली, दोन्ही बाजू वाचून दाखवल्या आणि बसवून ४१० रुपये सांगितले. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले आणि फिटिंग त्यांचा वॉचमन करेल का, एवढेच विचारले. करेल म्हणालो, आणि ऐंशी रुपये कमी केले.