तपासणी करा, पण मध्ये नणंद नको

अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्या निर्वासितांची विमानात बसायच्या आधीच मेडिकल तपासणी होते, टीबी तर बघतातच पण गरमी आणि परमा, म्हणजे सिफिलिस आणि गनोरिया, हे शरीरसंबंधातून लागणारे आजार पण बघतात. 18 ते 44 वयाच्या लोकांचं सिफिलिससाठी रक्त घेतात, 18 ते 24 वाल्यांची गनोरियासाठीही टेस्ट होते. निघालं तर तिथंच उपचार करतात, सिफिलिसला पेनिसिलीनचं इंजेक्शन, मग माणूस जायला मोकळा. एचआयव्हीवाल्यांना मात्र 1987 पासून दारच बंद होतं, ते 4 जानेवारी 2010 ला उघडलं. लई उशीर केला.

तपासणीला माझा विरोध अजिबात नाही. बायकांना गनोरिया असला तरी बऱ्याचदा काही जाणवत नाही आणि पोटुशी बाईला सिफिलिस असेल तर मूल पोटातच दगावू शकतं, त्यामुळं टेस्ट हवीच. मला काळजी आहे ती मध्ये दुभाषा म्हणून बोलणाऱ्या माणसाची. समजा म्यानमारमधून पळून मलेशियात आलेली चिन जमातीची बाई तपासणीला बसली, डॉक्टरची भाषा वेगळी, हिची वेगळी, मग अशा खासगी प्रश्नांची उत्तरं ती कुणाच्या तोंडून देणार?

आपल्याकडं हे रोजचं आहे की. खानापूरकडची एक पोरगी, अंगावरून पांढरं जातंय म्हणून बेळगावात दाखवायला आलेली, मी शेजारीच बसलेले. डॉक्टर कन्नड, हिला मराठीशिवाय काही येत नाही, सोबत नणंद. डॉक्टरनी विचारलं नवऱ्याला काही त्रास आहे का, तर नणंदेनं हिला विचारलंच नाही, परस्पर सांगून टाकलं, नाही ओ सर, आमचा भाऊ तसला नाही. पोरगी नुसती पदराचं टोक पिळत बसली. आता नवऱ्याकडूनच लागलेलं असेल आणि त्याला औषध नाही म्हटल्यावर हिनं गोळ्या खाऊन काय उपयोग, परत तेच येणार ना!

सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे असल्या आजारांच्या विभागात, तपासणी, औषध फुकट असतं, एचआयव्हीच्या टेस्टला तर समुपदेशक एकटीला बसवून बोलतात, 2017 च्या कायद्यानं संमती आणि गुप्तता दोन्ही सक्तीची आहे. तसंच प्रत्येक ओपीडीत का नको? सीमाभागात मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या नर्स कमी आहेत का? घरातल्या बाईला घेऊन गेलात तर तुम्ही स्वतः बाहेर थांबा, आणि आत बोलायला नर्सला बोलवा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.