पाच मंजुऱ्या आणि गळालेलं सी-थ्री

पेंट शॉपच्या ब्लोअरची ३० किलोवॅटची मोटर सकाळी सव्वासहाला घरघरायला लागली. ड्राइव्ह एंडचं, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या टोकाचं, बेअरिंग गेलं होतं. स्टोअरमधून नवं काढलं. हीटरवर ठेवण्याआधी आमच्या फिटरने सवयीप्रमाणे त्याच्या कडेवरचा नंबर वाचला: ६३१२. पुढे काहीच नाही. मोटरला लागतं ६३१२ सी-थ्री, म्हणजे आत जास्त मोकळीक असलेलं.

दोन्हींची मापं तीच: भोक ६० मिमी, बाहेरचा व्यास १३०, रुंदी ३१. फरक आतल्या क्लिअरन्सचा, म्हणजे गोळ्या आणि रिंगांमधल्या मोकळ्या जागेचा. साध्यात तो ८ ते २८ मायक्रॉन, सी-थ्रीत २३ ते ४३. शाफ्टवर घट्ट बसताना आतली रिंग किंचित फुगते, मोटर तापली की आणखी. बाहेरची रिंग त्या मानाने थंड. साध्यात क्लिअरन्स संपला की गोळ्या आवळतात, ग्रीस जळतं.

हे बेअरिंग ज्या पीआरवर (खरेदीच्या मागणीवर) आलं ती आमचीच होती, ४२ आयटमची, पावणेचार लाखांची. मंजुरीची रक्कम-मर्यादा चुकवायला पीआरचे तुकडे केले तर ऑडिट आक्षेप घेतं, आणि ते रास्तच आहे. म्हणून ती सेक्शन इनचार्ज, मेंटेनन्स मॅनेजर, प्लांट फायनान्स, प्लांट हेड आणि हेड ऑफिसचं परचेस अशी १९ दिवस फिरली होती. ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, वस्तूच्या छोट्या वर्णनाला (शॉर्ट टेक्स्टला) ४० अक्षरं मिळतात. आम्ही इंग्रजीत टाइप केलं होतं ‘बेअरिंग डीप ग्रूव्ह बॉल सिंगल रो ६३१२’. मधल्या जागा धरून मोजली, बरोबर ४०. सी-थ्री गेलं लाँग टेक्स्टमध्ये, म्हणजे सविस्तर वर्णनात. मंजुरी देणाऱ्याच्या मोबाइलवर ते दिसत नाही, आणि पीओवर, म्हणजे पुरवठादाराला गेलेल्या खरेदी ऑर्डरवरही, उतरलं नव्हतं. पाचही टेबलांवर रक्कम, बजेट, कॉस्ट सेंटर (खर्च कोणत्या विभागाच्या नावे पडतो ते) नीट तपासलं गेलं. तांत्रिक बाजू खालच्याने पाहिली असणार असं वरचा धरून चालतो. खालच्याला वाटतं, शंका असेल तर परचेस विचारेल. पुरवठादाराने पीओवर होतं तेच पाठवलं, त्याला दोष कसा देणार?

नवी पीआर म्हणजे पुन्हा तीच वाट. मॅनेजरांना फोन केला, “साहेब, इम्प्रेस्टमधून (किरकोळ खर्चाच्या रोख रकमेतून) भोसरीच्या बाजारातून उचलतो, तुमचा मंजुरीचा मेल तेवढा द्या.” पाच मिनिटांत एका ओळीचा मेल आला. दुपारी दोनला बेअरिंग ११० अंशांवर तापवून बसवलं, तीनला ब्लोअर लोडवर घेतला.

त्याच दिवशी मटेरियल मास्टरमधल्या (ईआरपीतल्या वस्तूंच्या मूळ यादीतल्या) बेअरिंगांचं वर्णन उलटं करायला घेतलं: आधी नंबर, लगेच सी-थ्री, मग ‘बेअरिंग’, बाकी जागा उरली तर. रॅकमध्ये त्याच लॉटची आणखी तीन खोकी निघाली. फिटरने तिन्हींना ‘वापरू नका’ म्हणून लाल टॅग बांधले.