तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून ईमॅक्समध्येच का लिहिते

मराठी पुस्तकांची प्रुफं तपासणारी बाई प्रोग्रामर लोकांचा एडिटर कशाला वापरते? हे मला प्रकाशकांकडची मुलं विचारतात, भाचा विचारतो, परवा एका लेखिकेनेही विचारलं. वर्ड आहे, गूगल डॉक्स आहे, साधंच हवं तर व्हीएस कोड आहे, मग ईमॅक्सच का? आजवर मी एकच उत्तर देत आले: कीबोर्डवरून हात उचलावा लागत नाही, काम भराभर होतं. हे उत्तर खोटं नव्हतं. पण मी ईमॅक्सकडे वळले ती वेगाच्या ओढीने नव्हे.

आधी कामाचं सांगते, तेवढं मला ठामपणे सांगता येतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. काहीजण ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. काहीजण साधा र घेतात, पाय मोडतात आणि पुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक घालतात. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा निसटतो. तीन जणांनी मिळून टाइप केलेली कादंबरी हातात आली की यात माझे दोन-दोन दिवस जातात. ‘ॲ’चंही तेच: अखंड ॲ वेगळा, अ-वर चंद्र ठेवलेला वेगळा. ईमॅक्समध्ये अक्षरावर कर्सर नेऊन कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी त्याची ठरलेली ओळख, खाली येतो. ०९३० म्हणजे साधा र, ०९३१ म्हणजे ऱ, निकाल तिथल्या तिथे.

माझा एक सहकारी पक्का विमवाला आहे; विम हाही प्रोग्रामर लोकांचाच एडिटर, त्यात एस्केप दाबलं की पुढची अक्षरं आज्ञा होतात. त्याच्याशी माझे वाद झालेत, आणि त्यातले काही मी उगाच घातलेत. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्डवर जे म्हणजे र, के म्हणजे क आणि डी म्हणजे हलन्त. मराठी लिहून झालं, एस्केप दाबलं आणि ओळ उडवायला दोनदा डी दाबलं, की विमच्या हाती दोन हलन्त पडतात आणि ओळ जागच्या जागी राहते. कीमॅप, म्हणजे कुठल्या कळीने काय व्हावं त्याचा तक्ता, लावून त्याने यावर कधीच उपाय केलाय आणि त्याचं उत्तम चाललंय. ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की मराठी सुरू, पुन्हा दाबली की बंद. मराठी सुरू असतानाही कंट्रोलच्या आज्ञा चालतात. माझ्या हाताला हे बसलं, एवढंच. आणि २०२० साली ईमॅक्सची सत्ताविसावी आवृत्ती हार्फबझ ही अक्षरांची नीट जुळणी करणारी प्रणाली घेऊन आली, त्याआधी माझ्याकडे वेलांट्या कुठेही भरकटायच्या. तेव्हाही मी तावातावाने ईमॅक्सचीच बाजू घ्यायचे. तेव्हा मी चुकत होते.

खरं कारण २००९च्या दिवाळीतलं आहे. माण तालुक्यातल्या आजोळी, चार दुपारी, आजीने जात्यावरच्या ओव्या सांगितल्या आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन उतरवल्या. एकशे बारा. कॉम्प्युटरसोबत आलेलाच साधा एडिटर होता. रोज सेव्ह करताना इंग्रजीत एक चौकट यायची: या फाइलमध्ये युनिकोड अक्षरं आहेत, अशीच सेव्ह केलीत तर ती जातील. न वाचताच ओके दाबलं, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं. मी ती वाचली होती. अक्षरं समोर दिसताहेत, मग जातील कशी, असं म्हणून चारही दिवस ओके दाबलं. खिडकी बंद केली नव्हती, झाकण तेवढं मिटत होते, म्हणून ती दिसतही राहिली.

पुण्याला येऊन फाइल उघडली तर सगळी प्रश्नचिन्हं. ओळी होत्या तशा, शब्दांमधल्या जागा तशाच, स्वल्पविरामही जागेवर. अक्षरं तेवढी गेलेली.

मग मी मोजायला बसले. दर अक्षराला एक चिन्ह, दर काना-मात्रेला एक, अनुस्वाराला एक, मोडलेल्या पायालाही एक. दोन चिन्हं आणि स्वल्पविराम म्हणजे ‘सई’. सहा म्हणजे बहुतेक ‘विठ्ठल’. पण तीन चिन्हं आणि स्वल्पविराम? ‘बाई’ तीन, ‘बया’ तीन, ‘सये’ही तीन. पाच चिन्हं ‘पंढरी’चीही होतात आणि ‘माहेर’चीही. आठवणीच्या आधाराने तेवीस ओव्या उभ्या राहिल्या. संक्रांतीला पुन्हा गेले, आजीला म्हटलं, त्याच सांग. ती म्हणाली, “ववी काय पाठ अस्ती व्हय? दळताना येती ती.” तिने सांगितल्या, पण त्या वेगळ्या होत्या. त्याही लिहून घेतल्या, या खेपेला वहीत. त्या उन्हाळ्यात ती गेली.

ईमॅक्स शिकले ते त्यानंतर. पहिल्याच आठवड्यात मुद्दाम लॅटिन-१ची, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं मावतच नाहीत अशा जुन्या पद्धतीची, फाइल केली, त्यात मराठी लिहिलं आणि सेव्ह केलं. ईमॅक्स थांबलं. कुठली अक्षरं मावत नाहीत त्यांची यादी समोर ठेवली आणि कुठल्या पद्धतीने साठवू असं विचारलं. मी नुसतं एंटर दाबलं, तर फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिपी मावणाऱ्या पद्धतीत गेली आणि अक्षरं वाचली. त्या दिवाळीत समोरची चौकट नुसती ओके करण्यात माझ्या ओव्या गेल्या होत्या. इथेही तशीच बेफिकीर पुढे गेले, तर शब्द शिल्लक राहिले. याला तुम्ही भीती म्हणा, माझी हरकत नाही.

भाचा म्हणतो, आता बहुतेक सगळे एडिटर यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करतात, तुझं कारण संपलं. त्याचं बरोबर आहे. मग अजून तिथेच का, तर ०९३१मुळे, सवयीमुळे, आणि तिसरं मला नीट सांगता येत नाही.

ती फाइल मी ठेवली आहे. गेल्या महिन्यात पुन्हा उघडली, सतराव्या ओळीपाशी थांबले. सहा चिन्हं, मग पाच. सहाचा विठ्ठल धरला तर पाचाची पंढरी व्हायला हवी, आणि मी ती तशी लिहूनही टाकली होती. पण आजीच्या तोंडी पंढरीपेक्षा माहेर जास्त यायचं.