पॅनेलची नोंदवही : झोन ४ चा टॅम्पर आणि चुकलेले घड्याळ

मागच्या नोंदीत मी असे लिहिले होते की घराच्या चोर-इशारा पॅनेलवरच्या झोन ४ चा (झोन म्हणजे पहाऱ्यातली एक जागा) खोटा टॅम्पर, म्हणजे तारेशी छेडछाड झाल्याचा इशारा, आणि रोज नेटवर्क तुटल्याची सूचना हे दोन्ही दोष एकाच मुळाचे असावेत आणि ते मूळ राउटरमध्ये असावे. तो अंदाज पूर्णपणे चुकला. दोष दोन होते, त्यांची कारणे वेगळी होती, आणि दोन्ही इतके दिवस सापडले नाहीत याला माझाच एक निष्काळजीपणा कारणीभूत होता.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात मांडणी सांगतो. देवगड तालुक्यातील आमच्या जुन्या घरात आठ झोनचे पॅनेल आहे. ते लॅन केबलने राउटरला आणि राउटर फायबरच्या डब्याला जोडलेला आहे. झोन ४ म्हणजे बागेतल्या मांगराचे (सामान ठेवायच्या खोपीचे) दार. तिथे फवारणीचा पंप आणि रिकामे क्रेट असतात, आणि दाराला चुंबकीय रीड स्विच (चुंबक जवळ असेपर्यंत मिटलेला राहणारा) आहे. सर्व झोनना ४.७ किलोओहमचे दोन रोधक लावलेले असल्यामुळे दार बंद असताना पॅनेलला ४.७ आणि उघडे असताना ९.४ किलोओहम दिसतात. आकडा ३.५ च्या खाली गेला की माझे पॅनेल टॅम्पर समजते. मी नोकरीनिमित्त रत्नागिरीला असतो आणि घरी आत्या असते.

पॅनेलच्या लॉगमध्ये टॅम्परची वेळ जवळजवळ रोज २३:४० च्या आसपास, नेटवर्क तुटल्याची वेळ १६:०५ आणि परत आल्याची वेळ ०१:५० अशी दिसत होती. दुपारी चार वाजता घरात असे काय घडते, हे शोधण्यात माझे दोन शनिवार गेले. राउटर बदलून पाहिला, पॅनेलचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला (हे आधीच करायला हवे होते), लॅन केबलची दोन्ही टोके नव्याने क्रिम्प केली. काहीही फरक पडला नाही. पोर्ट उघडून बाहेरून पॅनेलमध्ये का शिरत नाही, असे काहींनी विचारले होते. आमच्या जोडणीत सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्यामुळे बाहेरून आत येणारी जोडणी पोहोचतच नाही. म्हणून पॅनेल स्वतःच ८८८३ पोर्टवरून एमक्यूटीटी सर्व्हरकडे (यंत्रांचे छोटे निरोप पोचवणाऱ्या सर्व्हरकडे) जाते, आणि जोडणी नसेल तेव्हा घटना साठवून ठेवून नंतर एकदम पाठवते. ही साठवणीची सोय चांगलीच आहे, पण तिच्यामुळे माझ्या फोनवर सगळ्या सूचना सकाळी एकगठ्ठा येत आणि मी त्यांवरच्या वेळेच्या शिक्क्यावर विसंबून राहिलो.

ऑक्टोबरमध्ये घरी गेलो तेव्हा आत्याला सहज विचारले, की मध्यरात्रीच्या भोंग्याने तुझी झोपमोड होत असेल ना. ती म्हणाली, "मध्यरात्रीक खंयचो? कोंबो आरवता तेव्हाच तुझो भोंगो बोंबालता."

२३:४० मध्ये साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ०५:१० होतात. ऑगस्टमध्ये मी पॅनेलला इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय चालू केली होती, पण वेळपट्टा शून्यावरच राहू दिला होता, आणि त्यामुळे पॅनेल निमूटपणे यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेप्रमाणे, नोंदी करत होते. त्याच हिशेबाने नेटवर्क रात्री ०९:३५ ला तुटत होते आणि सकाळी ०७:२० ला परत येत होते. याचे उत्तर ओटीवरच्या भिंतीवर होते. मागे एकदा विजेने घरातला टीव्ही गेल्यापासून आत्या निजण्यापूर्वी फायबरच्या डब्याचे बटण बंद करते आणि सकाळच्या चहानंतर चालू करते.

आता टॅम्पर. प्रथम मी झोन ४ ची तार झोन २ च्या टर्मिनलला आणि झोन २ ची तार झोन ४ ला जोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे टॅम्पर झोन २ वर आला, म्हणजे पॅनेल निर्दोष आणि खोट तारेत, हे निश्चित झाले. मग सर्व्हिस मोड लावून, भोंगा सोडवून आणि जोडी पॅनेलपासून मोकळी करून (जोडी जोडलेली असताना पॅनेलच्या व्होल्टेजमुळे मीटर चुकीचा आकडा दाखवतो) रोध मोजला. दुपारी दोन वाजता ४.६६ किलोओहम आले, पहाटे पाच वाजता ३.१. म्हणजे तारांच्या जोडीत समांतर सुमारे ९ किलोओहमची गळती पहाटेच तयार होत होती.

गळतीची जागा मांगराच्या समुद्राकडच्या पाख्याखालच्या जंक्शन बॉक्समध्ये निघाली. केबल वरून आत शिरलेली होती, गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडलेली होती, आणि टर्मिनलच्या दोन स्क्रूंच्या मधल्या प्लॅस्टिकवर हिरवट पांढरा थर होता. बोट लावले तर दुपारी तो पिठासारखा कोरडा लागला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच थर ओलसर, चिकट झालेला होता. मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून स्वतःच विरघळते. आमच्याकडे पहाटे ही मर्यादा ओलांडणे ही रोजचीच गोष्ट आहे. पाऊस आत गेला असता तर मला लवकर कळले असते. इथे पाणी आत गेलेच नव्हते, फक्त खारी हवा गेली होती.

टर्मिनलपट्टी टाकून दिली. तारांची टोके चकचकीत तांबे लागेपर्यंत कापली, सांधे डाखले, त्यांवर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवली आणि नवीन आयपी ६५ (धूळ आणि पाण्याची धार रोखणाऱ्या) बॉक्समध्ये केबल खालून, बाहेर एक झोळ सोडून घेतली. बॉक्स आता पूर्वेच्या भिंतीवर आहे. त्यानंतरच्या सलग आठ पहाटे मीटर ४.६८ आणि ४.७० च्या मध्येच राहिला.

फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दाबाचा अचानक झटका अडवणारा) पॅनेलच्या कपाटात बसवला. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, ती येते ती विजेच्या जोडणीतून, हे आत्याला समजावून सांगितले. तिला ते फारसे पटलेले नाही, परंतु बटणच कपाटात गेल्यामुळे विषय मिटला.

वेळपट्टा साडेपाचवर आणला आणि लॉगमधली जुनी पाने हाताने दुरुस्त केली. तसे करताना एक गोष्ट ध्यानात आली, तिचे काम पुढच्या फेरीत करायचे आहे. पॅनेलची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी भार नसताना १२.७ व्होल्ट दाखवते, पण मुख्य वीज काढून भोंगा वाजवला की १०.९ वर कोसळते. पॅनेलच्या स्वतःच्या चाचणीत ती अजून पास होते, कारण त्या चाचणीत भोंग्याचा भार धरलेलाच नाही.