पेन्सिलची फुली

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हयातीचा दाखला देऊन आलो. हल्ली घरबसल्या मोबाईलला तोंड दाखवलं की काम होतं म्हणतात, पण माझं तोंड त्या ॲपला काही पटेना. दोनदा नाकारल्यावर सरळ शाखेत गेलो. नोव्हेंबरात बँकेत आम्हा म्हाताऱ्यांची जत्राच असते. बाकावर बसायला जागा नव्हती.

एक एफडीही संपत आली होती. काउंटरवरची मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. खातं उघडून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘काका, परत एफडीच कशाला? आपल्याकडे एक प्लॅन आलाय. एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट.’’

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. नको म्हणालो. राग मात्र आला नाही. यायला हवा होता, पण हे वाक्य माझंच होतं. ‘वर विमा फुकट’सकट.

आज लिहूनच टाकतो. हिलासुद्धा हे सगळं कधी सांगितलेलं नाही.

मार्च २००९. मी तेव्हा कोरेगावकडच्या शाखेत होतो. झोनल ऑफिसचं पत्र आलं होतं, एकतीस तारखेच्या आत शाखेने इतक्या पॉलिसी द्यायच्या. रोज संध्याकाळी फोन, ‘आज किती?’ कर्जवसुलीचा आकडा कुणी विचारत नव्हतं, पॉलिसींचा विचारत होते. साहेब मला म्हणाले, ‘‘गुरुजींची ग्रॅच्युइटी जमा झालीय, बघा जरा.’’

या ‘बघा जरा’त सगळं आलं. कुणाच्या खात्यात काय आलं, कधी आलं, हे आम्हाला बसल्या जागी दिसतं. लोक आम्हाला ते पाहू देतात, कारण पैसा सांभाळणाऱ्याला तो दिसणारच. सांभाळण्यासाठी दिलेली नजर आम्ही गिऱ्हाईक हेरायला वापरली.

गुरुजी आले. फॉर्म आठ-दहा पानांचा, इंग्रजी, बारीक टाइपातला. मी नेहमीसारख्या पेन्सिलने सात ठिकाणी फुल्या मारल्या. बँकेत काम केलेल्याला हे सांगायला नको. फुली तिथे सही, बाकी गिऱ्हाइकाने काही बघायचं नसतं. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलेला हा माणूस, त्याने एक ओळ न वाचता सात सह्या केल्या. समोर मी होतो म्हणून. त्याच शाखेत लोक सही केलेली कोरी विड्रॉल स्लिप आमच्याकडे ठेवून बाजाराला जायचे, असा तो काळ.

मी खोटं एकही वाक्य बोललो नाही, हे आजही शपथेवर सांगेन. ‘‘पन्नास हजार टाका, दहा वर्षांनी चांगली रक्कम हातात येईल,’’ एवढंच म्हणालो. ‘दरवर्षी’ हा शब्द तेवढा गाळला. पॉलिसीचा बाँड घरी आल्यावर पंधरा दिवसांत नको म्हणून परत करता येतो, हेही सांगितलं नाही. उलट म्हणालो, ‘‘कागद आला की कपाटात नीट ठेवून द्या.’’ (आता ही मुदत तीस दिवसांची झाली आहे. सांगणारे किती, देव जाणे.)

पुढच्या मार्चमध्ये हप्त्याची नोटीस घेऊन गुरुजी दारात उभे. तेव्हाच्या त्या पॉलिसींना तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यूच नसायची, मध्येच सोडलं तर भरलेलं सगळं बुडायचं. म्हणून त्यांनी दुसरी एफडी मोडून दुसरा हप्ता भरला, मग तिसरा, आणि पॉलिसी मोडली. हिशोब असा की पहिलं वर्ष धरायचंच नाही आणि उरलेल्या हप्त्यांचे तीस टक्के. म्हणजे दीड लाख भरले, हातात आले तीस हजारांच्या आसपास. त्या पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशनमध्ये गेलेला होता. कमिशन बँकेला, आणि आमच्या शाखेला एक ट्रॉफी. मला एक चाकांची बॅग मिळाली. विमा कंपनीने बँकेच्या माणसांना अशी बक्षिसं द्यायची नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने पुढे लेखी बजावलं. बॅग अजून माळ्यावर आहे, चाकं चांगली आहेत.

गुरुजी ओरडले नाहीत. फक्त विचारलं, ‘‘तुम्हाला हे ठाऊक होतं का?’’

मी म्हणालो, ‘‘नियम मध्येच बदलले, गुरुजी.’’

म्हणजे खोटं एकही वाक्य बोललो नाही हे पॉलिसी विकतानापुरतंच खरं.

त्यानंतरही ते माझ्याच काउंटरला येत. पण आता कुठलाही कागद असो, अगदी चेकबुक मागणीचा का असेना, ओळीखाली बोट ठेवून अथपासून इतिपर्यंत वाचायचे. मागे रांग खोळंबायची, लोक कुरकुर करायचे. सगळं वाचून झालं की खिशातून खोडरबर काढायचे, माझी पेन्सिलची फुली पुसायचे आणि मग तिथे सही करायचे. एका शब्दाने मला कधी बोलले नाहीत. माझी बदली होईपर्यंत हे चालू होतं.

त्या पॉलिसीची फाईल ऑडिटमध्ये निघाली होती. काही शेरा नाही. सह्या जागच्या जागी, केवायसी चोख.

पीएमसी बँक बुडाली तेव्हा, सप्टेंबर २०१९ मध्ये, आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर सगळे तावातावाने बोलत होते. मीही. सुरुवातीला सहा महिन्यांत हजार रुपयेच काढायची मुभा होती. शाखांबाहेर रडणारी माणसं टीव्हीवर दिसत होती. एका बिल्डर समूहाची ४४ थकलेली कर्जखाती झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवली, असं पोलिसांच्या कागदात होतं. एकवीस हजार! कुणीतरी बसून ती यादी केली असणार. त्या कुणातरीला शिव्या घालणं सोपं होतं, आम्ही घातल्या.

येस बँकेच्या वेळी मात्र मी गप्प होतो. मार्च २०२० मध्ये तिचे ८,४१५ कोटींचे एटी-वन बाँड, म्हणजे बँकेने भांडवल उभारायला विकलेले कर्जरोखे, एका फटक्यात शून्य केले. बँक गाळात गेली तर हे बाँड शून्य होऊ शकतात, ही अट त्यांच्या कागदांत पहिल्यापासूनच होती. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा आदेश वर्षभराने आला, बँकेला २५ कोटींचा दंड. तो पुढे अपिलात गेला. मी आदेशाच्या बातम्या दोन-तीनदा वाचल्या. तेराशेहून जास्त साध्या माणसांनी हे बाँड घेतले होते, बहुतेक त्याच बँकेचे खातेदार. त्यातल्या २७७ जणांनी मुदतीआधी एफडी मोडून पैसे इकडे वळवले होते. विकताना त्यांना काय सांगितलं गेलं? एफडीइतकंच सुरक्षित. म्हणजे ‘सारखंच’.

पीएमसीत पोलीस येतात. ‘सारखंच’ म्हणणाऱ्याकडे कोण येणार? त्याच्याकडे सही आहे.

माझ्या मते यात पगार, लोभ वगैरेपेक्षा बदलीचा वाटा मोठा आहे. बाजारपेठेत आमचा एक पिग्मीवाला होता. रोज त्याच दुकानांच्या फळीशी उभं राहून वीस-पन्नास रुपये गोळा करायचा. त्याला आज थाप मारून उद्या त्याच फळीशी जाणं शक्यच नव्हतं. आमचं तसं नाही. तीन वर्षांत माणूस हलतो आणि पॉलिसीचा खरा हिशोब कळायलाही तेवढीच वर्षं लागतात. गिऱ्हाईक नोटीस घेऊन येतं तेव्हा खुर्चीत दुसराच कोणी असतो, आणि तो मनापासून हळहळतो, ‘अरेरे, तुम्हाला नीट सांगितलं नाही वाटतं.’ माझी बदली लांबली म्हणून गुरुजी माझ्या नशिबी आले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी मुंबईत बँकवाल्यांना या चुकीच्या विमाविक्रीवरून सुनावलं, आपल्या मूळ धंद्याकडे बघा म्हणाल्या. बरं झालं. पण टार्गेटचं पत्र अर्थमंत्री लिहीत नाहीत.

आजचं राहिलंच. माझं झाल्यावर त्या मुलीसमोर एक म्हातारी बसली. नऊवारी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. पोराने जमीन विकली त्यातला तिचा वाटा जमा झाला असावा, बोलण्यावरून तसं वाटलं. मुलीने तेच वाक्य म्हटलं. मग ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि फुल्या मारायला लागली, पेन्सिलनेच.

मी निघालो होतो. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हातारीला म्हणालो, ‘‘मावशी, पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी, तेवढं विचारून घ्या.’’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि थकवा जास्त होता. शेजारी तिचा मोबाईल थरथरत होता, चार वाजत आले होते, म्हणजे आजचा आकडा सांगायचा कॉल.

म्हातारी मला म्हणाली, ‘‘लेकीवानी हाय ती. ती कशापायी खोटं बोलंल?’’

आणि फुलीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘हितंच का गं?’’